खोकणाऱ्या बाईचं बाळंतपण

मला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. फुप्फुसात चिकट कफ साचतो, अन्न पचायला प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्यात मी गरोदर राहिले. मग लोक काय काय बोलले, ते इतकं साचलंय की मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "अजून एक सांग ना."

छातीच्या डॉक्टरांनी माझी फुप्फुसं तपासून, नवऱ्याची, म्हणजे अनिकेतची, जनुकीय तपासणी करून होकार दिला होता. तरी वारज्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई फक्त अनिकेतकडे बघून बोलत होत्या. "यांना धोका कळतोय का?"

अनिकेत म्हणाला, "मला तिनंच समजावलाय. तुम्हाला वेळ असेल तर तुम्हालाही समजावेल."

आम्ही डॉक्टर बदलल्या.

स्वारगेटच्या बसमध्ये मला ढास लागली. शेजारच्या काकूंनी माझ्या पोटाकडे बघत पदर नाकाला लावला. "टीबी असताना कशाला हे?"

"टीबी बरा होतो, काकू. माझं नशीब तेवढं चांगलं नाही."

काकू उठल्या. मला खिडकी मिळाली.

डोहाळजेवणात मावशीनं माझ्या हातातली कॅप्सूल काढून घेतली. "पोटुशीनं औषधं खाऊ नयेत."

"मग हे ताट तूच जेव. मला त्याशिवाय पचणार नाही."

मी उद्धट ठरले. ठरू दे.

सातव्या महिन्यात छातीत इन्फेक्शन झालं, साखर चढली. ॲडमिट झाले, ऑक्सिजनचा मास्क लागला. अनिकेतचा थोरला चुलतभाऊ भेटायला आला आणि माझ्या पायाशी उभं राहून त्याला विचारू लागला, "दोघांतलं कोण वाचवायचं, ठरवलंस का?"

मी मास्क काढला. "बाहेर व्हा." एवढ्यानंही धाप लागली. तो गेल्यावर मी रडले, पण रागानं.

मुलगी मुदतीआधी झाली, सिझेरियननं. ती काचेच्या पेटीत वजन वाढवत होती, मी वॉर्डात पाठ थोपटून घेऊन कफ काढत होते. शेवटी दोघी घरी आलो.

बारसं हडपसरला, सासरी. सासूबाई शेतकरी घरातल्या, मोजकं बोलणाऱ्या. नाव ठेवून झालं, आणि भावकीतले एक तात्या भर बैठकीत म्हणाले, "पोर गोड हाय. पर हिच्या आईचं काय खरं हाय? किती वर्सं जगंल ती?"

सासूबाईंनी पाळण्यातली मुलगी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मग वळून म्हणाल्या, "तात्या, तुमाला किती वर्सं सांगितल्यात?"