ताईंचे साठवलेले तास

‘सोमवार, ७ मार्च. पडदे धुतले, दुपारपर्यंत वाळले. यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढचा सोमवार. नंतर आठवडाभर थेंब घालायला घरी माणूस हवं. रजा संपली आहे, पण तास साठले आहेत. काळजी नाही.’

एवढं लिहून ताईंनी डायरी मिटली आणि निवांत झोपल्या.

ताईंच्या विमा ऑफिसात यायची-जायची वेळ ज्याची त्यानं ठरवायची, पण चार आठवड्यांत ठरलेले तास भरलेच पाहिजेत. जास्त भरले तर ते पुढे धरून तेवढी सुट्टी घेता येई. यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता तेव्हापासून ताई सकाळी सातलाच येऊन दिवे लावत होत्या, ते याच आठवड्यासाठी.

दाराजवळचं वेळ नोंदवायचं यंत्र कधीचं बंद पडलेलं. जो तो आपली वेळ धाकटीला तोंडी सांगे आणि ती संगणकात भरी. धाकटी ही काही सख्खी बहीण नव्हे. ताईंनीच तिला या नोकरीत चिकटवली, तिच्या बाळंतपणात डबे पोचवले. ऑफिसनं या जोडीला ताई आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली ती कायमचीच. ताईंच्या घराची एक किल्लीसुद्धा तिच्याकडे असे. घरी दूध उतू गेलं तरी लिहून ठेवणाऱ्या ताईंनी ऑफिसातला आपला आकडा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. धाकटी आहे की!

शुक्रवारी त्या अर्ज घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं.

“ताई, तुमचे तास काटोकाट आहेत. वर काहीच शिल्लक नाही.”

“असं कसं? मी रोज सातला येते.”

“इथे तर साडेनऊ दिसतंय.”

ताई तडक धाकटीच्या टेबलाशी गेल्या. धाकटीनं मान वर केली नाही.

“ताई, रागावू नकोस गं. आपल्या खात्याचे तास कमी पडत होते. ही मंडळी डुलत डुलत अकराला येतात. या वेळी भरले नाहीत तर सवलतच बंद, असं साहेब म्हणाले होते. मग तुझे जरा इकडेतिकडे केले.”

“जरा?”

“तुला काय, तू तशीही लवकर येतेस. झोपच लागत नाही म्हणतेस ना?”

समोरचा टायपिस्ट खुदकन हसला. “इकडे थोडे, ताई. तिकडेच जास्त! पुढचा आठवडाभर माहेरी कोण निघालंय, विचारा की.”

धाकटीनं पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

“मला विचारलं का नाहीस?” ताईंनी हळूच म्हटलं.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली नसतीस. म्हणून नाही विचारलं.”

केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. ताई मागे वळल्या आणि साहेबांकडे बिनपगारी रजा मागून घेतली. साहेब म्हणाले, “तक्रार लिहून द्या, मी तिला विचारतो.”

“मी विचारलंय,” ताई म्हणाल्या.

जिन्यात धाकटीनं त्यांना गाठलं. “ताई, निघण्याआधी मी सोमवारी डबा ठेवून जाऊ का? किल्ली आहेच माझ्याकडे.”

“नको. तुम्हाला गाडी गाठायची असेल.”

ताईंच्या तोंडून ‘तुम्ही’ ऐकलं तशी धाकटी जिन्याच्या कठड्याला धरून उभीच राहिली. ताई उतरत गेल्या.

घरी यांनी विचारलं, “झालं रजेचं?”

“झालं.”

“बघ, मी म्हणत नव्हतो? धाकटी असली की तुझं काम अडत नाही.”

ताईंनी वाटाण्याच्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलत बसल्या. थोड्या वेळानं उठून फोन केला. संध्याकाळी डायरीत तारखेखाली एकच ओळ उतरली:

‘कुलूपवाला येऊन गेला. नव्या कुलपाच्या दोनच किल्ल्या करून घेतल्या.’