नववीचा तास

बी.एस्सी. झाल्यावर मला हायस्कूलला गणित शिकवायचं होतं, आणि त्यासाठी बी.एड. करणं भाग होतं. वाटा दोन होत्या. एक म्हणजे पुसेगावहून रोज सकाळची गाडी धरायची, हिंगोलीच्या कॉलेजात दोन वर्षं बसायचं, सराव पाठ घ्यायचे. दुसरी चुलतभावानं शोधून आणली होती. लांबचं एक कॉलेज, तिथं नाव घालायचं आणि परीक्षेपुरतं तोंड दाखवायचं. घरानं दुसरी पसंत केली. मीही केली. गणित मला येत होतं आणि त्याचा थोडा माजही होता. शिकवणं ही काय शिकायची गोष्ट आहे, असं मी चारचौघांत म्हणायची.

ही बातमी सांगायला मी शाळेतल्या माझ्या जुन्या गणिताच्या सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग उद्या नववीचा एक तास घे की."

घेतला. बहुपदींचे अवयव पाडायचे होते. सर शेवटच्या बाकावर बसले. मी दोनदा फळा भरला, दोनदा पुसला. पोरींनी सगळं उतरवून घेतलं. "समजलं का?" विचारलं तर अख्खा वर्ग एका सुरात, "व्हय मॅडम." मॅडम म्हणून पहिल्यांदाच कुणी हाक मारली होती. अंगावर मूठभर मांस चढलं.

मग सर पुढं आले. माझ्याच उदाहरणातले आकडे बदलून त्यांनी फळ्यावर लिहिले आणि दुसऱ्या बाकावरच्या एका पोरीच्या हातात खडू दिला. ती नुसती उभी राहिली. तिच्या वहीत गणित अगदी नीट उतरलेलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती घाबरलेली नव्हती, माझ्यासाठी ओशाळली होती.

बाहेर आल्यावर मी सरांवरच चिडले. "तिचं लक्ष नव्हतं, सर."

"लक्ष होतं. तुझ्या आडात हाय गं, पोहऱ्यात येऊन न्हाई राहिलं," सर म्हणाले. "अन् लेकरं मॅडमला न्हाई म्हणत न्हाईत. तुझ्यासमोर त्यांना न्हाई म्हणता आलं पाहिजे. तेवढं शिकून ये."

रागारागात मी तशीच शेतात गेले. सोयाबीनमधलं तण काढायला बैलांची डवरणी चालू होती. मी बांधावरूनच बाबांना सांगितलं, हिंगोलीला जाणार.

त्यांनी बैल थांबवले. "काहून? कागद तर बराबर सारखाच भेटतो."

"कागद सारखाच हाय बाबा. पण मला शिकवता येत न्हाई."

गावभर पोरीच्या हुशारीची दवंडी पिटणारा माणूस तो. त्यांना हे ऐकून वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं. मग म्हणाले, "मंग सकाळच्या गाडीचं बघावं लागंल."

कॉलेजात सुरुवातीला आम्ही एकमेकांनाच शिकवायचो. बाकीचे आठवीची मुलं व्हायचे. दोन लेकरांचा बाप असलेला एक मिशीवाला हात वर करून "मॅडम, पाणी प्यायला जाऊ?" म्हणायचा आणि आम्ही हसून लोळायचो. त्या हसण्यातच मी वळून वर्गाकडं बघायला शिकले. त्याआधी तासभर माझी पाठच शिकवत होती.

मग खऱ्या शाळेत सराव पाठ आला. आमच्या प्राध्यापिका मागं बसून गुण देत होत्या. पाठ छान चालला होता. मी विचारलं, समजलं का? व्हय मॅडम. मी गप्प उभी राहिले, एकेकीकडं बघत. शेवटी खिडकीजवळची एक पोरगी हळूच म्हणाली, "न्हाई मॅडम."

मला इतका आनंद झाला की तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पाठाचं टाचण टेबलावर ठेवलं आणि तिच्या बाकापाशी बसून पुन्हा सुरू केलं. घंटा झाली, पाठ अर्धाच राहिला. प्राध्यापिकांनी शेरा दिला, नियोजन कमी पडले.

संध्याकाळी सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं अडलं होतं तिचं?"

आणि मला ते सांगता आलं.