सुपारी लावून भागत नाही

एकाहत्तरची लढाई संपून तीन वर्षं झाली, तरी आमच्या ह्यांची पलटण काही सीमेवरून हलेना. सोलापुरात विजापूर रस्त्याला आम्ही दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांची वास्तुशांत दोनदा ठरली आणि रजा मिळाली नाही म्हणून दोनदा मोडली. बायको नसली तर पुरुषाच्या कमरेला सुपारी लावून भागतं, पण नवरा नसताना बाईला पूजेला बसता येत नाही, असं भटजींनी मला बजावलं होतं. तेव्हापासून सुपारी दिसली तरी माझं डोकं फिरायचं.

शेवटी आले एकदाचे. आणि पूजेच्या आदल्या दुपारी भाकरीवर शेंगाचटणी घेता घेता म्हणाले, परदेशातल्या शांतिसेनेसाठी माणसं मागवणार अशी बोलवा आहे, परत गेल्यावर नाव द्यावं म्हणतो.

सासूबाईंना त्यातली 'शांत' तेवढी ऐकू आली. "शांत उद्या हाय की. आनि कुटली काढली?"

कुणी हसलं नाही. सासरे जुने फौजी, तरुणपणी असल्याच कामावर परदेशी वाळवंटात राहून आलेले. ते खुलले. दोन वैऱ्यांच्या मधे आम्ही नुसते उभे राहिलो, तेव्हा कुठं तिथल्या बाया विहिरीवर यायला लागल्या, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

सीमेवर यांच्या जागी कोण, असं मी विचारलं. माणसं आधीच कमी आहेत, म्हणाले. शेजारच्या चौकीवरचा गडी दोघांचं काम करेल. त्याची बायको बाळंतपणाला आली होती, पण आता त्याची रजा लांबणीवर पडेल.

"अहो, मग तितं तुमच्या जागी कुनाच्या कमरेला सुपारी लावनार?" मी म्हटलं.

ते अर्ध्या भाकरीवरून उठले. दुसऱ्या दिवशी भटजी 'हाताला हात लावा' म्हणाले, तेव्हा ह्यांचा हात लाकडासारखा ताठ होता.

निघायच्या दिवशी स्टेशनावर वळकटी खाली ठेवून ते म्हणाले, "न्हाई देत नाव." मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. सासरे ट्रंक धरून शेजारीच उभे होते.

"बरं," ते म्हणाले. "पर तितल्या हिरीवर आता कोन हुबं ऱ्हाईल?"

त्या जागेसाठी माझ्याकडेही सुपारी नव्हती.