मास्तरांच्या अक्षराचे खिळे

तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकोणीसशे तीसच्या आधीची गोष्ट. मी सोलापुरात नवा फौजदार होतो. एके सकाळी पेठेत सात ठिकाणी एकच कागद चिकटवलेला आढळला. मुलींच्या शाळेतल्या एका विधवा शिक्षिकेबद्दल त्यात चार ओळी होत्या. दोन घाणेरड्या, दोन धमकीच्या. आठ दिवसांत गाव सोडा, नाहीतर घर पेटवू. बाई त्याच दिवशी वैरागला भावाकडे गेल्या.

मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन तपास सुरू केला. दुपारीच खबऱ्या आला.

"अक्षर त्याच शाळंतल्या मास्तरचं हाय की सायेब. कुणालाबी इचारा."

ते खरे होते. मास्तरांचे वळणदार अक्षर गावाला ठाऊक होते. त्यांनी लिहून शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, प्रती काढल्या असणार, असे आम्ही धरले. मी त्यांना चौकीवर आणले. शाळेने त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून दूर केले.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "पण हे मी लिहिलेलं नाही."

हे उत्तर मला उद्धट वाटले. शिपायांसमोर त्याच चार ओळी मी त्यांच्याकडून तीनदा लिहून घेतल्या. ते मान खाली घालून लिहीत होते.

कागद शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फरक दिसला. मास्तरांची रेघ शेवटी मऊ सुटत होती. भिंतीवरच्या कागदात प्रत्येक रेघेच्या शेवटाला बारीक टोक होते. 'र' नऊ वेळा आला होता आणि नऊही तंतोतंत एकसारखे होते. इतके सारखे हाताने लिहिता येत नाही.

म्हणजे हे ठशांचे काम. गावात लाकडी ठसे कोरणारे एक वृद्ध मुसलमान कारागीर होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद उन्हात धरला.

"हे छपाईचे खिळे माझेच, साहेब. मास्तरांनी फार वर्षांमागे नमुना लिहून दिला, त्यावरून कोरले; कशासाठी हवा ते त्यांना सांगितलं नव्हतं. टोकं मी घातली, नुसती रेघ लाकडात लवकर झिजते. लग्नपत्रिकेला, नाटकाच्या जाहिरातीला लई शोभतात. पान भरून छापलं तर मात्र डोळा दुखतो."

"विकले कुणाला?"

त्यांनी एका छापखान्याचे नाव सांगितले. तिथे पंचनाम्यात 'र'चे खिळे सापडले, शाईसकट. मालकाला ती शिक्षिकेची जागा भाचीसाठी हवी होती.

"संशय मास्तरांवर जाईल, हे माहीत होतं?" मी विचारले.

"म्हणून तर तेच खिळे घेतले," तो म्हणाला.

त्याला शिक्षा झाली. बाई परत रुजू झाल्या, मास्तरांनाही शाळेने बोलावले. त्याआधी ते चौकीवर आले. मी दिलगिरी व्यक्त केली. ते शांतपणे म्हणाले, "त्या ओळी मी कधी लिहिल्या नव्हत्या. तुम्ही लिहायला लावल्यात. ते तीन कागद तेवढे द्या."

कागद दप्तरी दाखल झाले होते. देता आले नाहीत.

त्यानंतर तीस वर्षांच्या नोकरीत अक्षराचा नमुना घेताना गुन्ह्यातला मजकूर मी कुणाकडूनही लिहून घेतला नाही. एखादा पत्ता, बाजाराची यादी, एवढ्यावर काम भागते. हे आधी मला कुणी शिकवले नव्हते, आणि विचारायचे मलाही सुचले नव्हते.