पत्रिकेएवढी फट

"बाबांच्या बोटांना आता काही कळत नाही गं आई. पण हे त्यांना सांगायचं कोणी?"

काकांची मुलगी दबक्या आवाजात काकूंना म्हणाली. मी पलीकडे स्कूटर पुसत होते. मी आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे अशी वाक्यं माझ्या कानावर बरीच पडतात.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका हे अख्ख्या जुईनगरमधले एकमेव गृहस्थ असतील, जे लग्नाची पत्रिका हातात आली की नावं वाचण्याआधी तिची जाडी बघतात. अंगठा आणि तर्जनीत धरून, डोळे मिटून. मग "चालेल" म्हणतात. आमंत्रण द्यायला आलेल्यांना वाटतं, काका लग्नाला येणार. खरं तर फक्त पत्रिका पास झालेली असते.

कारण काकांची गाडी. ती माझ्या आईच्या वयाची आहे. तिच्या इंजिनापाशी एक गोल डबी आहे आणि डबीत पॉइंट नावाचे धातूचे दोन इवलेसे तुकडे. ते उघडले-मिटले की ठिणगी पडते आणि गाडी चालते. ते किती उघडावेत यावर सगळं अवलंबून. काकांच्या मते ती फट एका बऱ्यापैकी लग्नपत्रिकेएवढी असावी. जावयाने फट मोजायच्या स्टीलच्या पट्ट्या आणून दिल्या, त्या कपाटात वरच्या खणात आहेत. "पट्टी नुसता आकडा सांगते," काका म्हणतात, "कागद पॉइंटचा स्वभाव सांगतो."

दर रविवारी सकाळी बॉनेट उघडतं. खाडीच्या हवेने पॉइंटना सर्दी होते, म्हणून आधी पॉलिश पेपरने त्यांची नाकं पुसायची. मग पत्रिकेची कापलेली पट्टी फटीत घालून हळूच ओढायची. "अडलं पाहिजे, अडकायला नको. कळलं का, इंग्लिश मीडियम?" मी "हं" म्हणते. तेवढ्यावर ते सोसायटीभर सांगतात, की या बिल्डिंगमध्ये गाडीतलं कळणारी माणसं दोनच. एकदा त्यांनी वाशीच्या कोणाची सोनेरी वेलबुट्टीची पत्रिका वापरली. वर्ख पॉइंटना चिकटला आणि गाडी त्याच लग्नाला शिंकत शिंकत गेली. काका तडक स्टेजवर चढले आणि आहेर देता देता मुलीच्या वडिलांना म्हणाले, "बाकी सगळं उत्तम हो, पण पत्रिका साधी छापायची."

अलीकडे त्यांची शुगर वाढली आणि बोटं बधिर व्हायला लागली. मागच्या महिन्यात गाडी तुर्भ्याला ट्रकांच्या मधोमध बंद पडली, तेव्हा शेजारी त्यांची मुलगी बसलेली होती. काकांनी दोष पेट्रोलला दिला. पण नंतरच्या रविवारी मी पाहिलं, ते पट्टी ओढत होते, परत घालत होते, परत ओढत होते आणि मग स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. त्या दिवशी "कळलं का" विचारलं नाही.

आज मुलगी मेकॅनिकला घेऊनच आली. सोबत पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट. "बाबा, हे बसवलं की डबी परत उघडायलाच नको. टेन्शनच नाही." ती मायेनेच सांगत होती. मेकॅनिकने डबीचं झाकण काढलं, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "मग रविवारी मी काय करू?"

काकू पदराला हात पुसत राहिल्या.

मी फडकं ठेवलं. काकांच्या हातातली पत्रिकेची पट्टी घेतली, फटीत घातली आणि ओढली. ती कुठेही न अडता सरळ बाहेर आली. मी नकारार्थी मान हलवली. काका माझ्याकडे बघत राहिले. मग मेकॅनिकला म्हणाले, "स्क्रू सैल कर. किंचित आत घे. किंचित म्हटलं ना!" मी पुन्हा ओढली. या वेळी कागद बोटांत जरासा रेंगाळला आणि मग सुटला. इतकी वर्षं नुसतं ऐकलेलं पहिल्यांदाच बोटांना समजलं.

"अडलं?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

मी मान डोलावली. त्यांनी झाकण बसवलं, चावी फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं आणि एका लयीत चालू लागलं. मेकॅनिक म्हणाला, "मक्खन!" काकूंनी उगाचच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मुलगी मात्र किटचा खोका हातात धरून तशीच उभी. तिचंही चुकत नव्हतं. ट्रकांच्या मधोमध तीच बसली होती. "आज तू होतीस गं," ती म्हणाली, "पुढच्या वेळी कोण बघणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका सोडून, ते बॉनेटच्या आत बघत होते. माझे कान तापले. वर निघून जावं असंच वाटत होतं.

"रविवारी मला सुट्टी असते, ताई," मी म्हटलं.