मनगटावरचा निळा पट्टा

रबरी पट्ट्यांची टूम निघाली तेव्हा मी मुरबाडच्या एका कॉलेजात क्लार्क होतो. मधुमेहींच्या मदतीसाठी निळे पट्टे विकायचे आणि त्यातून पाड्यांवर रक्त तपासायची शिबिरं भरवायची, असं आमचं चाललं होतं. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. भाषणं काय ठोकायचो! "मधुमेह लपवू नका, त्यात लाज कसली?" टाळ्या पडायच्या. पट्टा मी आंघोळीलासुद्धा काढत नसे.

आणि घरी, शेणव्याला, माझी धाकटी बहीण चौदाव्या वर्षापासून इन्सुलिनची सुई घेत होती. आई आणि मी सोडून कुणाला पत्ता नव्हता. बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली असायची. वडील नव्हते, घरात शब्द माझा चालायचा, आणि लपवायचं हे मीच ठरवलं होतं. "सुईवाली पोरगी कोण करील गो? लग्न होऊ दे, मग सांगू." ती म्हणाली, "दादा, मला नाय जमायचं असं." मी तिच्यावर खेकसलो, आणि विषय संपला.

म्हसा गावाजवळचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरीतला. पाहुणे दहाला नाश्त्याला येणार म्हणून तिनं साडेनऊला सुई घेतली. सुई घेतली की थोड्या वेळात पोटात काहीतरी जायलाच हवं. पण बघायला आलेल्या पाहुण्यांआधी मुलीनं तोंड उष्टं करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं तिला चहासुद्धा दिला नाही. इकडे पाहुणे येतच नव्हते. जत्रेचे दिवस, मुलाचे वडील वाटेत बैलांचा सौदा करत बसले होते म्हणे. मधे तिनं मला आत बोलावलं. "दादा, दोन घास खाऊ?"

"आता येतीलच, दम धर जरा," मी म्हणालो. कसला दम, माझं डोंबल!

जीप दारात आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली तर बशा खडखडत होत्या. खाली बसली. वरच्या ओठावर घाम, नजर कुठेतरी भलतीकडेच. मुलाच्या आईनं शिक्षण विचारलं, तर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला सगळं कळत होतं. घाम, थरथर, तोंडातून शब्द न फुटणं, ही साखर उतरल्याची यादी मी गावोगाव घोकून दाखवली होती. अशा वेळी लगेच साखर द्यायची, हेही मीच सांगायचो. साखरेचा डबा भिंतीपलीकडे होता. पण उठलो असतो तर पाहुण्यांनी कारण विचारलं असतं.

"लाजतेय जरा," मी हसून म्हणालो.

तेवढ्यात मुलानं विचारलं, "हा कसला पट्टा?" मी सांगायला लागलो. मधुमेह, शिबिरं, सगळं. "घरात आहे का कुणाला?" त्याच्या आईनं विचारलं. "छे छे, आमचं आपलं समाजकार्य."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बहीण बाजूला कलंडली.

"साखर! उपाशीपोटी सुई घेतलीय पोरीनं!" असं ओरडत आई आत धावली. त्या बाईनं, मुलाच्या आईनं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चिमूट चिमूट साखर तिच्या जिभेवर ठेवली. माझा तर हातसुद्धा हलला नाही. बऱ्याच वेळानं ती सावरून बसली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "पोरी, लपवायला कोणी सांगितलं तुला?"

ती माझ्याकडे बघेल म्हणून मी मान खाली घातली. तिनं बघितलंच नाही. "कोणी नाय. माझं मीच. या दोघांना मीच शपथ घातली होती."

"आजार चालला असता गो आमाला," बाई म्हणाल्या. "फसवणूक नाय चालायची."

मी तोंड उघडायला हवं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं, बाई, हे माझं काम. आई माझ्याकडे बघत होती. मी रिकाम्या बशा गोळा करायला लागलो. जीप गेली.

पुढं गावात, नात्यात, जो तो विचारायचा, एवढं चांगलं स्थळ मोडलं कसं. मी सुस्कारा सोडून सांगायचो, "काय करणार, पोरीनं लपवलं त्यांच्यापासून."