अडलेलं मांजर, मोकळं मांजर

काही किस्से आपण गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. दवाखान्याच्या बाकड्याखाली चपला साचतात तसे! मी हुमनाबादची होमिओपॅथीची डॉक्टर, ती खरं तर माणसांची. पण मैत्रिणी जमल्या की माझ्या माणसांबद्दल कुणी विचारत नाही. 'मांजराचं सांग गं!' हीच फर्माईश. आणि मांजराचं म्हणजे त्याच्या लघवीचं. तेव्हा आधी चहा संपवा, मग ऐका!

सुरुवात गणिताच्या कुलकर्णी सरांनी केली. शाळेत त्यांनी मला शिकवलं, त्यामुळे ते आले की मी अजून उठून उभी राहते. सर बसले, झाकलेली टोपली मांडीवर घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "लघवीचा त्रास आहे. सारखं जायचं, जोर करायचा, तरी थेंबच येतो. बरं होतं आणि पुन्हा सुरू."

मी गंभीर झाले. या वयात प्रोस्टेटच असणार. "जळजळ होते?"

"होत असणार. ओरडतो ना!"

"तुम्ही ओरडता, सर?"

"मी कामून ओरडू? हा!" टोपलीवरचं फडकं बाजूला झालं आणि एका पिवळ्या बोक्यानं डोकं वर काढलं.

म्हटलं, "सर, मी माणसांची डॉक्टर!"

"म्हणूनच आणलाय. जनावरांच्या दवाखान्यात पुढं बैल, मागं म्हैस. हा घाबरून आणखीच बंद पडला!"

मी बोका घेऊन बसवराजअण्णांच्या घरी गेले. अण्णा सरकारी पशुवैद्य, माझ्या दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहतात. होमिओपॅथीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही आणि ते तसं तोंडावर सांगतात. "अक्का, तुमच्या गोळ्या म्हंजे निस्ती साखर!" पण नुसतं पोट चाचपून मूत्राशय ओळखायला त्यांच्यासारखा हात नाही. त्यांनी बोका तपासला, लघवी भिंगाखाली बघितली आणि मला दम भरला, "बोक्याला अजिबात होत नसंल तर गोळीबिळी काही न्हाई. त्याच पावली माझ्याकडं. उशीर केला की मरतंय ते! आन् सारखं सारखं उलटणारं दुखणं असंल, तर मी तपासल्यावर पाणी, खाणं, शांतता, वरून तुमची साखर."

पुढं त्यांनी ते एका ओळीत बसवलं. "अडलेलं मांजर माझं, रडलेलं मांजर तुमचं!"

सरांचा बोका त्या उन्हाळ्यापासून ठणठणीत आहे. गोळ्यांनी की पाण्यानं, यावर अण्णांचं न् माझं भांडण अजून चालू आहे. सर मात्र म्हणतात, "उत्तर बरोबर आलंय ना? मग रीत कशाला तपासायलाव?"

मधे एकदा कुलकर्णी काकूंचा घाबऱ्याघाबऱ्या फोन. बोक्यासाठी वाटीत विरघळवून ठेवलेलं औषध सर पाणी समजून पिऊन गेले! मी काही बोलायच्या आत मागून सरांचा आवाज आला, "तरीच! सकाळपासनं लई मोकळं वाटायलंय!"

मग दुबलगुंडीचे शिवराजअप्पा आले. उसाचे शेतकरी. त्यांच्या मांजरीला लघवीतून रक्त जायचं. बरी व्हायची, पुन्हा जायचं. पोरगा बेंगळूरहून पाकिटातलं कोरडं खाणं पाठवायचा आणि ती तेवढंच खायची. पाण्याची वाटी तर हुंगायचीसुद्धा नाही. अण्णा म्हणाले, पोटात पाणी गेलंच पाहिजे. अप्पांनी वाटी बदलली, जागा बदलली, माठ बदलला. बाईसाहेब ढिम्म!

एक दिवस अप्पा बघतात तर मांजर उसात, ठिबकच्या नळीला जीभ लावून बसलेली! झालं. अप्पांनी ठिबकची एक नळी पार पडवीपर्यंत ओढत आणली. टप, टप, टप. मांजर येता-जाता प्यायला लागली आणि लघवी निवळली. अप्पा मला मोठ्या कौतुकानं नळी दाखवत होते, तेवढ्यात अप्पांची बायको आतून कडाडली, "घरापतूर नळ आणा म्हणून वर्सानुवर्सं बोंबलायले मी! हिनं तोंड न उघडता आणला!"

त्याच घरात पुढची पंचाईत. कोरडं बंद केलं, तर ओलं काय द्यायचं? मी म्हटलं, कोंबडी उकडायची. मीठ न्हाई, कांदा न्हाई, निस्तं पाणीदार. अप्पांची म्हातारी आई माळकरी. त्या घरात अंडं कधी आलेलं नाही. सगळे म्हातारीकडं बघायला लागले. म्हातारी मांजराकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या मागं तीन दगडांची चूल पेटली. पदर नाकाला लावून, तोंड फिरवून, पण स्वतः म्हातारी ढवळत होती! मी विचारलं, "आजी, चालतंय तुम्हाला?"

"देवानं इच्यारलं तर सांगीन की," म्हातारी म्हणाली, "म्या खाल्ली न्हाई, उकडली!"

गाणगापूरच्या किश्श्याचा शेवट तर कुणी नुसता सांगितला असता तर मलाही पटला नसता. तिथं जाऊन बघितला तेव्हा पटला. लॉजवाल्या देशपांडेवहिनींची मांजर पौर्णिमा आली की आजारी पडायची. वहिनी तिला हुमनाबादला घेऊन आल्या, अण्णांनी तपासलं. खडा न्हाई, जंतू न्हाई. मी म्हटलं, "वहिनी, पौर्णिमेला तुमच्याकडं गर्दी किती असते?" वहिनींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! मांजराला भीतीनं लघवीचा त्रास व्हायचा. त्यांनी कोपऱ्यातली एक खोली कायमची मांजराला दिली. दाराला कडी, बाहेर पाटी, 'आवाज करू नये'.

लातूरचे यात्रेकरू यायचे, जागेसाठी हुज्जत घालायचे. "ती खोली रिकामी दिसायलीय की!"

"रिकामी न्हाई. आत विश्रांती चाललीय."

"बाहेर कधी येतेत?"

"गर्दी असली की येत न्हाईत. कुणालाच भेटत न्हाईत."

मांजर बरी झाली. पण पुढच्या पौर्णिमेला मी गेले, तर त्या दारासमोर दोन नारळ, एक हार, आणि एक बाई उंबऱ्यावर डोकं टेकवून बसलेली!

आता शेवटचा. चिंताकीचे वैजनाथमामा एकटेच असतात, दिवसभर राजाशी बोलत. राजा म्हणजे त्यांचा काळा-पांढरा बोका. तो पुन्हा पुन्हा अडायचा. त्या सकाळी मामा त्याला टॉवेलात गुंडाळून थेट अण्णांच्या दवाखान्यात घेऊन आले. राजा गारठला होता. अण्णांनी समोरची म्हैस बाजूला घेतली, नळी घातली, मूत्राशय रिकामं केलं, सलाईन लावलं. मला फोन आला, "या अक्का. आज तुमची साखरबी घेऊन या!"

राजा तिथंच राहिला. अण्णांनी नळी काढली त्या दिवशी आम्ही सगळे हजर होतो. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता आपली आपण झाली तर जिंकलो. पुन्हा अडला तर ऑपरेशन, आन् तेवढा दम त्याच्यात न्हाई."

अंगणात मऊ वाळू पसरली, राजाला सोडलं. तो वाळूच्या मधोमध बसला आणि आमच्याकडं बघत राहिला. आम्ही त्याच्याकडं. मी, मामा, राजाची खबर ऐकून आलेले कुलकर्णी सर, कंपाउंडर, म्हशीवाले, शेळीवाले, सगळे कोंडाळं करून! काहीच होईना. मामांचे ओठ हलायला लागले.

अचानक अण्णा गरजले, "एवढ्या लोकांपुढं तुमाला तरी होईल का? फिरा सगळे! तोंडं भिंतीकडं!"

सगळे फिरलो. सरकारी डॉक्टर, होमिओपॅथ, गणिताचे सर, म्हशीवाले, सगळे एका ओळीत भिंतीकडं तोंड करून उभे! तेवढ्यात फाटकातून एक नवीन शेतकरी शेळी घेऊन आत आला. आमच्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, गुपचूप ओळीच्या टोकाला जाऊन तोही भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शेळीलाही फिरवलं!

मागं वाळू उकरल्याचा आवाज आला. मग थोडी शांतता. आणि मग बारीक, सलग धार!

माझ्या शेजारी मामांचे खांदे गदगदत होते. ते वळणार, तोच अण्णांनी भिंतीकडं बघतच त्यांचा दंड धरला आणि कुजबुजले, "थांबा मामा! कुणी वळायचं न्हाई! अजून व्हायलीय!"